मुका सराव

बँडमास्तर शिकवण्याचं शास्त्र शिकले तेव्हा त्यांचे निम्मे केस गळून गेले होते. तोवर त्यांची पद्धत साधी होती: आधी छडी, मग सूर. एका उन्हाळी प्रशिक्षणाहून परतले ते पार बदलूनच. धून तुकड्यातुकड्याने शिकवायची, वाजवण्याआधी गाऊन घ्यायची, कच्च्याला पक्क्याशेजारी बसवायचं. आणि जमलं ते आधी सांगायचं, चूक नंतर. पोरांना एवढं कौतुक पचेना. ट्रम्पेटवाला दांडगोबा म्हणालाच, "सर, थेट चूकच सांगा ना! कौतुक ऐकलं की पोटात गोळा येतो."

पण मास्तरांचं लाडकं अस्त्र म्हणजे मुका सराव. त्या जुन्या छडीनेच ते आता ताल द्यायचे. छडी उलटी, म्हणजे जाड टोक वर धरलं, की कुणी फुंकायचं नाही. नुसती बोटं चालवायची आणि धून डोक्यात ऐकायची. छडी सुलट झाली की फुंकायचं. "डोक्यात वाजलं तरच पितळेत वाजेल," असं ते म्हणत.

पुढे मास्तरांच्या आधी त्यांचे कानच निवृत्त व्हायला लागले. मास्तर पोरांची बोटं बघत, फुगलेले गाल बघत, मोठ्या ढोलावर तळवा ठेवून थरथर जोखत. मुका सराव वाढत गेला.

"अहो, शाळेत सांगून टाका," बायको समोर उभी राहून, ओठ सावकाश हलवत म्हणाली.

"म्हणजे बँड काढून घेतील आणि साहित्याच्या खोलीत चेंडूंना हवा भरायला बसवतील."

"चेंडूंचं ऐकावं तरी लागत नाही."

मास्तर हसले, पण जेवण अर्धंच झालं.

कुजबुज मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत पोचलीच. एके सकाळी त्या बँडच्या खोलीत येऊन मागच्या बाकावर बसल्या. मास्तरांच्या हाताला घाम फुटला. त्यांनी छडी या हातातून त्या हातात घेतली, रुमालाने पुसली आणि वर उचलली. उलटी.

क्लॅरिनेटवाल्या पोरीने छडीकडे पाहिलं, मग सरांकडे. नियम म्हणजे नियम. सगळ्यांची बोटं चालू लागली. ढोलवाल्याच्या काठ्या कातड्याच्या वर, हवेतच थांबत होत्या. मास्तर एरवी गाल बघत. आज त्यांची नजर बाईंच्या चेहऱ्यावर खिळली होती. शेवटपर्यंत त्यांनी डौलात ताल दिला.

"वा! सुरुवात झकास झाली," मास्तर म्हणाले. "फक्त दुसऱ्या ओळीत क्लॅरिनेट जरा चढी लागली."

भिंतीकडे बघूनही हसणारा दांडगोबा मान खाली घालून बसला. पोरगी उभी राहिली, सरांना ओठ दिसतील अशी. "हो सर. पुढच्या वेळी सांभाळते."

बाई पुढे आल्या. "सर, बोटं सगळ्यांची अगदी बरोबर पडली."

जमलं ते आधी, चूक नंतर, हा नियम मास्तरांचाच होता.

"आणि चूक?" त्यांनी विचारलं.

बाईंनी मास्तरांच्या हातातली छडी हळूच काढून घेतली, सुलट केली आणि परत दिली.

मास्तर छडीकडे बघत राहिले. मग ढोलाजवळ जाऊन त्यांनी कातड्यावर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताने छडी उचलली. पोरांनी अख्खी धून वाजवली. गाल फुगले, ढोल थरथरला. थरथर पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी तळवा उचलला नाही.

मग छडी टेबलाच्या खणात ठेवली आणि बाईंना विचारलं, "साहित्याच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"