शांतम्माचा रुपया

सास्तूरच्या वीरप्पांच्या हातात राणीछाप रुपया दिला, की ते आधी त्याची कड बघायचे, मग राणीचं तोंड, मग मागचं साल. लातूर-सोलापूरकडचे नाण्यांचे शौकीन त्यांना मुद्दाम बोलावून घ्यायचे. वीरप्पांना स्वतःला मात्र नाण्यांचा शौक नव्हता. त्यांना एकच रुपया हवा होता.

त्यांची बायको शांतम्मा त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. तान्ही राजेश्वरी आजीबरोबर आळंदला होती म्हणून वाचली. वीरप्पांना बेशुद्ध अवस्थेत सोलापूरच्या दवाखान्यात नेलं होतं. ते परतले तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांच्या लिंगायतांत जाळत नाहीत, पुरतात, पण त्या दिवसांत रीत कोण बघणार? ढिगाऱ्यातून निघालेल्यांना एकत्रच अग्नी दिला होता. शांतम्मा त्यात कुठं होती, कुणालाच सांगता आलं नाही. तिचा एक फोटोसुद्धा उरला नाही. माहेरचा रुपया ती कडी लावून काळ्या दोऱ्यात गळ्यात घालायची. तोही गेला.

पुढं नवी घरं बांधायला आलेल्या एका इंजिनिअरला जुन्या नाण्यांचा नाद होता. त्यानं एकदा दोन रुपये दाखवले. एकावर इंग्रजीत ‘क्वीन’ होतं, दुसऱ्यावर ‘एम्प्रेस’.

“अठराशे सत्त्याहत्तरला राणी हिंदुस्थानची बादशाहीण, म्हणजे एम्प्रेस झाली,” तो म्हणाला. “त्यानंतरच्या रुपयावर क्वीन नसतं.”

“आमच्या मंडळीच्या रुपायावर हुतं की,” वीरप्पा म्हणाले. “क्वीनच. आन् मागं साल एकोणऐंशी. म्याच तिला वाचून दाखवलं हुतं.”

इंजिनिअरनं दोन्ही रुपये एकावर एक ठेवून दाखवले. टांकसाळीत चुकून तोंडाचा ठसा जुना आणि मागचा नवा लागला, तर असं विजोड नाणं पडतं, त्यानं सांगितलं. लाखांत एखादं.

“मंग ते कुठंबी वळखू येईल?”

“येईल.”

तिथून वीरप्पा हिंडायला लागले. ढिगारे उपसताना कुणाच्या तरी हाती लागला असेल, कुणी तरी सराफाकडं मोडीत घातला असेल. लेकीला तिच्या आईचं काही तरी द्यायचं, एवढंच मनात होतं. लोहारा, उमरगा, कळंब, येडशीचा बाजार. सराफाच्या दुकानात मोडीतल्या जुन्या चांदीचा ढीग पडला, की हे भिंग घेऊन हजर. फसलेही. दोन रुपये घासून, त्यांच्या अर्ध्या बाजू चिकटवून केलेलं नाणं त्यांना दोनदा दाखवलं गेलं. मग ते कडेची सांध भिंगानं शोधायला शिकले, फरशीवर टाकून नाद ऐकायला शिकले. एक-दोन खरी विजोड नाणीही सापडली, शौकिनांनी ती आनंदानं नेली. शांतम्माचा रुपया त्यांत नव्हता.

राजेश्वरी आत्याजवळ वाढली, शिकली, उमरग्याला दिली.

गेल्या वर्षी कळंबच्या एका सराफानं मोड वितळवायच्या आधी वीरप्पांना निरोप दिला. जुने पैंजण, वाळे आणि खाली काळा पडलेला एक रुपया. ‘क्वीन’. मागं एकोणऐंशी. कडेला सांध नव्हती. वरच्या अंगाला कडी डाक देऊन जोडल्याचा डाग होता, आणि राणीच्या गालावर विळ्याचा ओरखडा. तूर कापताना विळा निसटून शांतम्माच्या छातीवर आला होता, तेव्हा तो या रुपयानंच अडवला होता. वीरप्पा दुकानातच खाली बसले. सराफानं पाणी दिलं, त्यांनी त्या पाण्यानं रुपया धुतला.

दुसऱ्या दिवशी ते उमरग्याला गेले. लेक भाकरी टाकत होती, तिनं उठून हात धुतले. त्यांनी रुपया तिच्या ओल्या तळहातावर ठेवला.

“तुझ्या आईचा हाय. गळ्यात असायचा तिच्या.”

राजेश्वरी बराच वेळ तो उलटसुलट करत राहिली. तिला आईचं तोंड आठवत नव्हतं, रुपया कुठून आठवणार?

“अप्पा,” ती म्हणाली, “माझ्या हळदीच्या दिवशी तुम्ही कुठं होता?”

त्या दिवशी वीरप्पा निलंग्याला होते. असा रुपया आलाय, असं कुणी तरी कळवलं होतं.

“आत्याच्या दारात बसायची मी, संध्याकाळची बस आली की. तुम्ही उतरायचा, आन् आधी खिशातलं भिंग काढून पुसायचा. माझ्याकडं बघायचा न्हाय.”

“तुझ्यासाठीच हिंडत हुतो गं, बाई.”

“मला हे नको हुतं, अप्पा. आई न्हवतीच. तुम्ही पायजे हुता.”

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उतरवली, दुसरी थापली, बापाला वाढली. वीरप्पा मान खाली घालून जेवले. राजेश्वरीनं रुपया परत दिला नाही. तो कुठं ठेवला, हे त्यांनी विचारलं नाही.

आताशा कुणी नाणं घेऊन आलं, तर वीरप्पा म्हणतात, “दिसत न्हाय आता.” महिन्यातून एकदा ते उमरग्याची बस धरतात. लेक जेवायला वाढते, ते जेवून संध्याकाळच्या बसनं परततात.