कडुलिंबाला पाणी

आमच्या घरी पाडव्याला बाबा नेम धरायचे. लोक त्या दिवशी सोनं घेतात, निदान मिक्सर तरी घेतात. आमच्याकडे वर्षभरासाठी काहीतरी धरायचं नाहीतर काहीतरी सोडायचं, एवढाच मुहूर्त. आई म्हणायची, नव्याचे नऊ दिवस. पण बाबांचे नऊ दिवस काही संपायचे नाहीत, आणि तेच तर दुखणं होतं.

एका वर्षी प्लॅस्टिकची पिशवी बंद झाली. तेव्हा त्या झबल्यासारख्या पिशव्या डोंबिवलीत नुकत्या निघाल्या होत्या, भाजीवाले फुकट द्यायचे आणि बायकांना कोण कौतुक. बाबांनी आईकडून त्यांच्या जुन्या लेंग्याची पिशवी शिवून घेतली. एका पायाची एक, दुसऱ्या पायाची दुसरी, आणि ओढायला त्याच लेंग्याची नाडी. मी कॉलेजात होते. लेंग्याच्या पायात मेथीची जुडी घालून मी स्टेशनसमोरून चालत यायचं म्हणजे काय, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी ती पिशवी घडी करून वहीत लपवायचे आणि हातात जुडी धरून यायचे. मग एका वर्षी सगळ्यांनी एका बादलीत आंघोळ करायची असं ठरलं. तो नेम पाळायला सगळ्यात सोपा, कारण दुसरी बादली भरायला पाणी होतंच कुठे?

पाण्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नळाला पहाटे करंगळीएवढी धार यायची आणि उजाडायच्या आत ती पण जायची. घरात पिंप, कळश्या, पातेली, होतं नव्हतं ते सगळं भरून ठेवायचं. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची, धुण्याच्या शेवटच्या पाण्याने लादी पुसायची. पाहुणे आले की आधी काळजी पाण्याची, जेवणाची नंतर. टँकर आला की ज्या बायका एरवी एकमेकींना जीव लावायच्या, त्याच हंड्यावरून एकमेकींचं तोंड बघेनाशा व्हायच्या. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये जास्तीचं पाणी नावाची गोष्ट कुणी आयुष्यात बघितलेली नव्हती.

आणि मग ते कडुलिंबाचं वर्ष आलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी बाबा कंपनीच्या कामासाठी शीळफाट्याकडून टेम्पोने आले होते. वाटेतली कडुलिंबाची झाडं लोकांनी गुढीसाठी ओरबाडून बोडकी केली होती, म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात गेले, तर न विकलेल्या फांद्यांचा ढीग रस्त्यात पडलेला आणि त्यावरून रिक्षा चाललेल्या. बाबा कोकणातले, त्यांच्या वाटणीची जमीन भाऊबंदांत गेली होती, त्याबद्दल ते कधी चकार शब्द काढायचे नाहीत. पण त्या दिवशी घरी येऊन ते जेवलेच नाहीत. ज्याला आपण नव्या वर्षाला देव म्हणून वर चढवतो त्याला असं पायाखाली घालायचं, मग कशाला हवा तो पाडवा, असं बरंच बोलले. आणि त्यांनी नेम सांगितला. आपलं झाड लावायचं. ते मोठं झालं की त्याची एक डहाळी घ्यायची, एकच. तोवर आपली गुढी कडुलिंबाशिवाय.

आईच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती ती. कडुलिंबाशिवाय गुढी म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ, असं तिला वाटायचं. तिने तसं बोलूनही दाखवलं, पण बाबांपुढे तिचं कधी चाललंय?

रोप त्यांनी टिटवाळ्याहून आणलं. गणपतीला गेले होते, तिथे रस्त्याच्या कडेला आपोआप उगवलेलं, ते मातीसकट उपटून त्या लेंग्याच्याच पिशवीत घालून आणलं. आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली कंपाउंडच्या कोपऱ्यात लावलं. आमची बिल्डिंग जुन्या भातखाचरावर उभी होती, माती काळी आणि चिकट, पाणी पडलं की धरून ठेवणारी. बाबा झाडाला रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी घालायचे, एक तांब्या. पुढे पुढे तर ते पण एक दिवसाआड. पेल्यात कुणी पाणी उष्टं ठेवलं तर मात्र आमची धडगत नसायची. उरलेलं झाडाला घाल, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत पण बोलले असेन.

बिल्डिंगने आधी टिंगल केली. समोरच्या काकू बिनपाल्याच्या गुढीकडे बघून आईला खोचक काहीबाही बोलायच्या. पण झाड वाढायला लागलं तसे सगळेच त्याच्यात गुंतले. तळमजल्यावरच्या आजोबांनी त्याला बकऱ्यांपासून वाचवायला जुन्या पलंगाच्या पट्ट्यांचं कुंपण केलं. मुलं त्याच्याजवळ उभी राहून उंची मोजायची. काकूंनी तर पुढच्या पाडव्याला स्वतःपण बाजारचा पाला आणला नाही, म्हणाल्या, आता सगळ्यांची गुढी ह्याच झाडाची. तिसरी बिनपाल्याची गुढी झाली, त्या दिवाळीत शेंडा आमच्या गॅलरीच्या कठड्यापासून हातभर खाली होता. बाबांचा हिशोब झाला होता. येत्या पाडव्याला गॅलरीतून नुसता हात खाली घालून डहाळी घ्यायची, खाली उतरायचं पण नाही. दिवाळीभर ते आल्यागेल्याला कठड्याशी नेऊन तो हातभर दाखवत होते.

दिवाळी संपली आणि त्यांचे पाय सुजले. मग तोंड सुजलं. डॉक्टर म्हणाले, किडन्या. ठाण्याच्या दवाखान्यात ठेवलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर त्यांचं पाणी बांधून दिलं. वाटीने द्यायचं, मोजून. अंगात साठतंय, बाहेर पडत नाही, असं आम्हाला समजावून सांगितलं. जन्मभर घोटाघोटाचा जपून वापर केलेल्या माणसाला सांगतात, तुमच्या अंगात पाणी जास्त झालंय. मला रडू आलं नाही, संतापच आला. कुणावर ते माहीत नाही.

आई आणि मी आलटून पालटून ठाण्याला. घरात तांदूळ शिजतोय कुठे, धुणार कुठे, झाडाला पाणी कोण घालणार? पण बिल्डिंगला सांगावं लागलं नाही. काकूंनी पहिल्याच दिवशी आईला सांगितलं की झाडाची काळजी करू नका, ते आमच्याकडे लागलं. आणि खरंच लागलं. काकू धुण्याचं सगळं पाणी नेऊन घालायच्या. वरच्या मजल्यावरचे आंघोळीचं पाणी बादलीत धरून खाली आणायचे. आजोबा रोज सकाळी कळशी, आणि कामावर जाणारे पण जाता जाता तांब्या ओतून जायचे. ह्याच बायका हंड्यावरून भांडायच्या, बरं का. टँकरच्या दिवशी मी स्वतः बघितलंय, काकूंनी आधी झाडाला घातलं आणि मग वर पाणी नेलं. मला भरून यायचं. मी दवाखान्यात बाबांना सांगायचे की सगळे झाडाला पाणी घालतायत. किती ते मी कधी बोलले नाही, त्यांनी विचारलं नाही. सुकलेल्या ओठांनी ते हसायचे आणि म्हणायचे, माणसं चांगली आहेत गं आपली.

संक्रांतीनंतर पानं पिवळी पडायला लागली. आजोबा म्हणाले, पानगळीचे दिवस आहेत, पडणारच. ते खरं पण होतं, कडुलिंब तेव्हा झडतोच. तरी काकूंना चैन पडेना. त्यांनी आणखी एक बादली वाढवली. आमच्या लोकांना वाळणारी गोष्ट दिसली की एकच औषध माहीत, पाणी. त्यावर दुसरं काही असतं हे कुणाच्या डोक्यात येणार? ज्याच्यासाठी आपण एवढे झुरतो ते एखाद्याला मारक ठरेल, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

शिमगा झाला. रेल्वेच्या पलीकडच्या झाडांना तांबूस पालवी फुटली. आमच्या झाडाला एक पान नाही. एके दिवशी आजोबांनी खोड हातात धरून जरासं हलवलं, तर ते मातीत सैल डुगडुगलं आणि खालून कुजका वास आला. आजोबा तिथेच पट्ट्यांच्या कुंपणाला धरून खाली बसले. मुळं कुजली, एवढंच म्हणाले. काकू वर निघून गेल्या आणि दोन दिवस त्यांनी दार उघडलं नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलं. बरे झाले म्हणून नव्हे. ते आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, आणि बाबांना काही खायचंप्यायचं असेल तर आता देत चला, म्हणाले.

आईने पलंग आतल्या खोलीत घातला आणि गॅलरीचं दार लावून घेतलं, ऊन येतं म्हणून. बाबा आल्या आल्या झाडाचं विचारायला लागले. आई म्हणाली, पालवी येतेय. रोज विचारायचे, रोज ती तेच सांगायची, आणि मग मोरीत जाऊन उगाच भांडी वाजवायची. मोरीतच तिने मला पकडून सांगितलं की पाडव्याला बाजारातून डहाळी आण. तीन वर्षं माझी गुढी बोडकी राहिली म्हणून हे असं झालं, म्हणाली. मी म्हटलं, आई, असं काही नसतं. तर ती फिस्कारली. "नसू दे. त्यांना त्यांच्या झाडाचा पाला दिसला पाहिजे. बस्स."

पाडव्याच्या सकाळी मी बाजारात गेले. एक डहाळी कोणी देईना, अख्खी मोळीच घ्या म्हणे. घेतली. लेंग्याच्या पिशवीत मावत नव्हती, तशीच काखेत मारून आले, आणि रस्त्यात कुणी बघेल ह्याची लाज आज पहिल्यांदा उलट्या कारणाने वाटली. जिन्याखाली बसून त्यातली एक बारीक डहाळी मोडून घेतली. आईने गुढी उभारली, साडी, गाठी, वर तांब्या, आणि तीन वर्षांनी कडुलिंब. मग पाला गूळ-ओव्यात वाटून त्याची गोळी तिने बाबांच्या तळहातावर ठेवली आणि शेजारी उरलेली चार पानं. हळूच म्हणाली, अहो, आपल्या झाडाची.

बाबांनी पानं उचलली. देठाचं मोडलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. पानं पालवीची नव्हती, जून होती, हिरवीगार, आणि देठ सुकलेला, निदान कालचा. कोकणात झाडाझुडपांत वाढलेला माणूस तो. त्यांनी एकदा आईकडे बघितलं, तोंडात गोळी टाकली आणि चावून चावून खाल्ली. "कडू आहे हो," म्हणाले. "चांगला कडू आहे." आईचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना.

ती स्वयंपाकघरात गेली तसं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पाणी जास्त झालं ना गं त्याला?"

मी मान डोलावली.

"काकूंना बोलू नका काही. प्रेमानं घातलंय." मग म्हणाले, "आणि आईला मी विचारलेलं सांगू नकोस."

संध्याकाळी आईने गुढी उतरवली. वरचा तांब्या घासला, त्यात पिण्याचं पाणी भरलं आणि बाबांपाशी नेला. वाटी नाही, मोजणं नाही. इतके महिने घोटासाठी डोळे लावून बसलेल्या माणसाला तिने मानेखाली हात घालून उठवलं आणि म्हणाली, आता पोटभर प्या. बाबा प्यायले. मला वाटलं सगळा संपवतील. पण अर्ध्यावरच त्यांनी तांब्या बाजूला केला.

"उरलेलं झाडाला घाल," म्हणाले.

आई तांब्या घेऊन उभी राहिली. दाराशी जाऊन एकदा मागे वळली, पण त्यांनी डोळे मिटले होते. मग ती खाली गेली. मी गॅलरीचं दार उघडून बघत होते. कंपाउंडमध्ये पाडव्याच्या नव्या कपड्यांतली मुलं खेळत होती, काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. आई त्या वाळल्या खोडापाशी वाकली आणि एक थेंबही बाहेर जाऊ न देता तिने ते पाणी बुंध्याशी ओतलं.