सायकलीच्या पोटातली ज्वारी

नगर स्टेशनात आमची गाडी जेमतेम पाच मिनिटं थांबायची. माझा डबा पुढच्या टोकाला आणि सामानाचा डबा पार मागे. त्यामुळे मी खिडकीत बसलो आणि माझे वडील, तात्या, हमालाबरोबर माझी सायकल ढकलत मागे पळाले. निरोप असा झालाच नाही. पाया पडायचंही राहून गेलं. गाडी हलल्यावर मोबाईल वाजला. दम लागलेल्या आवाजात तात्या म्हणाले, "चढली रं, चढली! आता निवांत जा तू." मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा. खोटं कशाला सांगू, हेच वाटलं होतं.

चौदा वर्षं झाली त्याला. पारनेरजवळच्या आमच्या वाडीतून मी लखनौला निघालो होतो, एका दूध प्लांटच्या लॅबमध्ये नोकरीला. दुधाचं फॅट काढायचं, रिपोर्ट लिहायचा, असं काम. खोली प्लांटपासून सहा-सात किलोमीटर लांब मिळाली होती, म्हणजे सायकल हवीच. मी म्हणत होतो, तिथंच एखादी जुनी बघतो. तात्यांचं एकच पालुपद, "घरची आस्ताना इकत कशाला घ्यायची?"

ज्यांनी रेल्वेनं सायकल नेली आहे त्यांना काही सांगायला नको, आणि ज्यांनी नेली नाही त्यांनी नेऊ नये. पहिल्या दिवशी आम्ही ती दुधाच्या टेम्पोत घालून नगरला नेली. पार्सल ऑफिसात सांगितलं, उघडी सायकल घेत नाही, गोणपाटात शिवून आणा. नाव-गाव दोन्ही बाजूंना लिहा, तिकिटाची झेरॉक्स जोडा, गाडीच्या चार तास आधी या. तेवढं करूनही मागच्या डब्यात जागा असेल तरच ती त्याच गाडीनं जाणार. सायकल घेऊन परत वाडीला. भाडं, हमाली, टेम्पोवाल्याच्या विनवण्या आणि तात्यांचे बुडालेले दोन दिवस, एवढ्यात लखनौला नवी सायकल आली असती, वर घंटीसुद्धा.

पण तात्या खुशीत होते. ओट्यावर बसून त्यांनी दाभण आणि सुतळी घेऊन सायकलीला गोणपाटाचा अंगरखा शिवला. मी मित्रांना भेटायला गेलो होतो. परत आलो तर शिवण पूर्ण झालेली आणि सायकल चांगलीच फुगलेली. मी विचारलं, तर म्हणाले, "चेपू नये म्हनून चिंध्या भरल्यात." माझा विश्वास बसला.

आमच्याकडे शेजारणीचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, मूठभर दाणे, पण काहीतरी घालूनच द्यायचं. तात्या ही रीत बैलगाडीलासुद्धा लावायचे. दुसऱ्याच्या दारात जाणारी गाडी त्यांनी कधी रिकामी जाऊ दिली नाही. तर त्यांचा मुलगा हजार-बाराशे किलोमीटर लांब नवं बिऱ्हाड मांडणार आणि त्याची सायकल रिकामी जाणार? त्यांनी सायकलीच्या मधल्या तिकोनात रानातली ज्वारी भरून पिशवी ठेवली होती आणि वरून गोणपाट शिवलं होतं. सायकलीचं भाडं ठरलेल्या वजनावर घेतात, तिला काट्यावर कुणी ठेवत नाही, म्हणून नगरला ते खपून गेलं.

लखनौला नाही खपलं. उतरलो त्या दिवशी सायकल ताब्यात मिळाली नव्हती. आता नोकरीचा तिसरा दिवस होता. अर्ध्या दिवसाची रजा मागून मी सायकल सोडवायला गेलो. वाटेत गोणपाट फाटलं होतं आणि गोदामाच्या फरशीवर ज्वारी सांडलेली. दहा-बारा कबुतरं निवांत टिपत बसली होती. बाबूनं पावती पुढं केली. "कागज़ पर साइकिल लिखी है, भैया, और अंदर अनाज?" त्याचं काही चुकत नव्हतं. कागदावर एक आणि आत दुसरं, म्हणजे दंड. शिवाय लेखी खुलासा. मला तेव्हा हिंदी नीट येत नव्हती. अर्ज तीनदा फाडून लिहिला. अर्धी रजा अख्खी झाली आणि साहेबांनी फोनवर जे सुनावायचं ते सुनावलं. हमाल हसत होते. उरलेली ज्वारी मी तिथंच टाकली आणि स्टेशनबाहेर येऊन तात्यांना फोन लावला.

"तात्या, कुनी सांगितलं हुतं हे खूळ? माजी लाज काडली तुमी हितं. ती जवारी टाकून दिली मी. परत मला गावाकडचं काय बी पाठवू नका!"

मग तात्या म्हणाले, "बरं बाबा. चुकलं माजं."

त्यांनी तो शब्द पाळला. मी चार माणसांत असा खेकसल्यावर दुसरा बाप दोन शिव्या घालून आठ दिवसांत विसरला असता. तात्या विसरले नाहीत आणि रागावलेही नाहीत. तेच मला जास्त लागलं. मी गावी जायचो, चार दिवस मजेत जायचे. निघायच्या दिवशी आई कुरडया, शेंगा काढायला लागली की तात्या तिला हळूच म्हणायचे, "त्याला इचार आदी. नको आसंल त्याला." मग आई विचारायची आणि मी म्हणायचो, राहू दे, गाडीत ओझं होतं. दरवेळी ठरवून जायचो की या खेपेला आपणच मागायचं. एवढं सोपं काम. पण तोंड उघडलं की तेच, राहू दे.

गावातून बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना हे कळेल. आपल्याला वाटतं, घरच्यांपाशी शब्द मागं घ्यायची घाई नसते. सायकल मी दोन-तीन वर्षांनी विकून मोटारसायकल घेतली. लखनौची भाषा आली, बायको आली, मुलगी शाळेत जायला लागली. आता मॉलमध्ये ज्वारीचं पीठ चकचकीत पाकिटात मिळतं. एकदा ते हातात घेऊन तिथूनच तात्यांना फोन केला. "तात्या, औंदा जवारी कशी हाय?" वाटलं, आता म्हणतील, पाठवू का. ते म्हणाले, "बरी हाय." एवढंच. मीही पाठवा म्हणालो नाही. पाकीट फळीवर परत ठेवून दिलं.

गेल्या भाद्रपदात ते आजारी पडले. फोनवर सांगायचे, ताप येतो-जातो, तू नको धावपळ करू. थंडीत गेले. मी गाडीनं पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. मी एकुलता एक, तरी अग्नी चुलतभावानं दिला.

तेराव्यानंतर मी बॅग भरत होतो, तेव्हा आई दारात येऊन बसली. म्हणाली, "ते दोनदा नगरला जाऊन आले हुते, त्या पार्सलवाल्याकडं. धान्य आसं येगळं लिवून दिलं तर चालतंय, दंड बसत न्हाई, आसं इचारून आले. मी म्हनलं, मग पाठवा की. तर म्हनले, त्यानं एकदा पाठवा म्हनू दे."

मी खाली बसलो. किती वेळ रडलो ते माहीत नाही. आईनं पाठीवरून हात फिरवला, पण ती समजूत घालत नव्हती. तिलाही माझा राग आला असणार, आणि तो रास्त होता.

मग मी म्हणालो, "आई, जवारी दे बांधून. जेवढी आसंल तेवढी दे."

"औंदा पेरलीच न्हाई रं. पेरनीच्या टायमाला तर ते हातरुनाला लागले. मागची बी सपली." मग पदर सावरत म्हणाली, "दुकानातली आनू का?"

लखनौमध्ये लोक विचारतात, घर कुठं आपलं? मी अजून पारनेरच सांगतो. तिथं एक माणूस चौदा वर्षं माझ्या एका शब्दाची वाट बघत होता, आणि तो शब्द मी तिथं पोचवला नाही.