सुटलो, असे आम्ही म्हटले नव्हते

मी लिहिणाऱ्यांपैकी नाही. इथे आखातात, शर्क भागातल्या एका कार्यालयात हिशेब तपासत पन्नाशी ओलांडलेल्या बाईने असे चारचौघांपुढे यावे, हे आगाऊपणाचे आहे. त्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागते. एम.ए.पर्यंत शिकले, पण बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. म्हणून फार प्रस्तावना करीत नाही.

मंगफमधला एक तळघरातला हॉल. आमच्या मराठी मंडळाचा स्नेहमेळावा. माईकपुढे माझ्या नवऱ्याचे साहेब. बोलता बोलता त्यांनी हसून माझ्याकडे हात केला.

"अहो, असा माणूस मेला की घरचे सुटतात. खोटं वाटतं? घंटेपाशी बसलेल्या आपल्या वहिनींना विचारा. त्यांचा भाऊ असाच गेला. सुई टोचून, संडासात."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागे कुणीतरी हसले.

मेळाव्यातल्या वादविवादाचा विषय होता : शहरांत देखरेखीखालची नशाकेंद्रे असावीत का? म्हणजे अशी खोली, जिथे व्यसनी माणूस आपली नशा नर्सच्या डोळ्यांसमोर करतो. सुई स्वच्छ मिळते. श्वास अडला तर धावून येणारे कुणी असते. साहेबांचा मुलगा कॅनडात आहे. तिथे त्यांनी असे एक केंद्र रस्त्याच्या पलीकडून पाहिले होते. तेवढ्यावर आमच्यात ते जाणकार ठरले. विषय त्यांनीच सुचवला, आणि विरोधात बोलायलाही तेच उभे राहिले.

माझे काम घंटेचे. वक्त्याची वेळ संपली की वाजवायची. "वहिनी, तुम्हाला बोलायला लावत नाही, घंटा तेवढी सांभाळा," असे मंडळात दरवर्षी म्हणतात, आणि मी दरवर्षी सुटकेचा निःश्वास टाकते. घंटाही माझीच. माझ्या देवघरातली, पितळी.

बाजूने बोलायला कुणी तयार नव्हते. शेवटी मुलांत चिठ्ठ्या टाकल्या. इथेच जन्मलेल्या एका मुलीवर ती पाळी आली. ती म्हणाली, "तिथे नर्स असते. सो, तो माणूस मरत नाही. मेला तर तो बेटर कसा होणार?" लोक तिच्या मराठीला हसले. तिच्या प्रश्नाला उत्तर कुणी दिले नाही.

मग साहेब. "सरकारने गर्दुल्ल्यांना चटया अंथरून द्यायच्या आणि टॅक्स आपण भरायचा!"

"साहेब, इथे कुठला टॅक्स?" मागून एकजण ओरडला. हशा.

"तेच सांगतोय! इथे कायद्याचा धाक आहे. आहे का फुटपाथवर एक तरी?"

टाळ्या. जे दिसत नाही ते नसतेच, असे मानायची आम्हाला इथे सवय आहे. आमच्या माणसांतही कुणी असेल. तो कुणाला सांगेल? सांगितले तर तुरुंग, नाहीतर परतीचे पहिले विमान.

आणि टाळ्या थांबता थांबता ते वाक्य आले. घरचे सुटतात.

माझा भाऊ नाशिकला विजेच्या मोटारींचे वाइंडिंग करायचा. बोटांना कायम वार्निशचा वास. मी सुट्टीवर निघाले की त्याचा आवाजी निरोप ठरलेला : "ताई, खजूर आण. बिनबियांचे. बाकी काही नको." व्यसन कसे लागले, हे इथे सांगत नाही. ते सांगितले की लोक त्याच्या चुका शोधू लागतात आणि मरण बाजूला राहते. तीनदा त्याने सोडायचा प्रयत्न केला. शेवटी बस स्थानकाच्या शौचालयात गेला. दार फोडावे लागले. कडी आतून लावलेली होती.

ती कडी त्याने कुणाच्या भीतीने लावली असेल?

तेव्हा नवऱ्याला तातडीची रजा हवी होती, म्हणून त्याने साहेबांना खरे कारण सांगितले. साहेबांनी रजा दिली. वर समजावलेही : "हार्ट अटॅक सांगा सगळ्यांना. बरं दिसतं." आम्ही तेच सांगत आलो. सांत्वनाला आलेल्यांना, माझ्या मुलांना, इथल्या शेजाऱ्यांना. इतकी वर्षे आम्ही साहेबांचे उपकार मानत होतो. आमचे गुपित त्यांनी जपले म्हणून. त्या दिवशी कळले, ते जपलेले नव्हते. ठेवलेले होते. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.

मी घंटा उचलली. वाजवली.

साहेब थांबले. "अहो वहिनी, अजून वेळ आहे माझी."

मी वाजवत राहिले.

"वहिनी!"

"नाही. संपली तुमची वेळ."

हे मी म्हणाले. माझाच आवाज होता, पण मी तो पूर्वी ऐकलेला नव्हता. मग उठले. माईकपर्यंत गेले नाही. टेबलापाशी उभी राहूनच बोलले. "माझा भाऊ हार्ट अटॅकने गेला नाही. साहेब सांगतात ते खरं आहे. पण आम्ही सुटलो नाही. सुटलो असं आमच्या घरात कुणीही म्हटलेलं नाही. त्या दाराबाहेर एक नर्स बसलेली असती, तर तो आज असता. कदाचित पुन्हा सुई घेतली असती. पण असता."

सूत्रसंचालकाने घाईघाईने नाश्ता जाहीर केला.

नाश्त्याच्या टेबलाशी माझ्या आजूबाजूला मोकळी जागा राहिली. साहेबांच्या पत्नी तेवढ्या जवळ आल्या. खांद्यावर हात ठेवला. "वहिनी, भरात बोललात, समजू शकते मी. जाताना साहेबांना सॉरी म्हणा हं. भावजींच्या कॉन्ट्रॅक्टचं त्यांच्याच हातात आहे ना."

हात खांद्यावर, आणि बोलण्याची सुरी मानेवर.

मी सॉरी म्हटले नाही. महबूलाला घरी आलो. इमारतीखाली गाडी लावली आणि नवरा चावी न काढताच बोलला.

"म्हणून टाक ना सॉरी. एक शब्द तर आहे."

"तुम्हाला म्हणावंसं वाटतं?"

त्याने चावी काढली. मग म्हणाला, "खजूर मीच निवडायचो त्याच्यासाठी." आणि उतरला.

त्यानंतर मंडळाच्या गटावर निरोप आला : यापुढे सामाजिक वादाचे विषय टाळावेत, वातावरण बिघडते. वातावरण मी बिघडवले होते. मेलेल्या माणसाला हसणाऱ्याने नव्हे.

मागच्या सुट्टीत नाशिकला गेले, तेव्हा आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला भेटले. अशी एखादी खोली आपल्या शहरात का नको, असे विचारले. तो सभ्यपणे हसला. "ताई, या विषयात मतं मिळत नाहीत. जातात." साहेबांपेक्षा तो प्रामाणिक वाटला. पण दोघांचा हिशेब एकच : मरणारा आपला नाही.

तो माझा आहे. एवढेच मला कळले आहे, आणि ते मी आता लपवणार नाही. मुलांना खरे सांगितले. नवऱ्याचे कॉन्ट्रॅक्ट अजून अडकलेले आहे. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवून मिळाला नाही तर आम्हाला सामान बांधावे लागेल. बांधू. माफी मागणार नाही. मंडळाने यंदा पुन्हा घंटा मागितली, मी दिली नाही. वक्त्यांच्या यादीत नाव द्या, असे कळवले. विषय तोच ठेवा, बाजूने मी बोलेन. उत्तर आलेले नाही. नाही आले तर जिथे चार मराठी माणसे जमतील तिथे बोलेन, घसा कोरडा पडला तरी. आणि परत जावे लागले, तर त्या पुढाऱ्याच्या दारात दर आठवड्याला जाऊन बसेन.

तुम्हाला एकच विचारायचे आहे. तुमच्या गल्लीत अशी एक खोली उघडायचे ठरले, तर तुम्ही विरोधाच्या निवेदनावर सही करणार आहात का?