घंटी कागदावर उमटत नाही

एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी लोणावळ्याच्या एका कारखान्यात टेलिप्रिंटरवर होते. मळवलीच्या शेतकऱ्याची पोर, आणि स्वतंत्र खोली, स्वतंत्र पंखा! तोरा काय विचारता. कुणी नुसतं त्या यंत्राच्या झाकणावर कोपर टेकवलं तरी मी खेकसायची. सगळे मला वचकून असत, आणि मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू.

मी इथं टाइप केलं की मुंबईच्या हेड ऑफिसात कागदावर आपोआप उमटायचं, आणि तिथली बाई टाइप करायला लागली की माझ्याकडे. त्या बाईला मी जन्मात पाहिलं नव्हतं, पण आमचं गूळपीठ असं जमलेलं की विचारू नका. कामाचे निरोप इंग्रजीत, आणि मधल्या वेळात इंग्रजी अक्षरांत अस्सल मराठी गप्पा. कोणत्या साडीला कुठे फॉल लावला इथपर्यंत.

यंत्राची एक खोड मात्र सांगायलाच हवी. प्रत्येक बटणावर एक अक्षर आणि त्याच्या जोडीला एक आकडा किंवा चिन्ह. 'आकडे' हे बटण दाबलं की पुढचं सगळं आकड्यांत, 'अक्षरं' दाबलं की पुन्हा अक्षरांत. ही दोन बटणं स्वतः काही छापत नसत, नुसता हुकूम सोडत. अगदी माझ्या आत्यासारखी. घंटीही त्याच जातीची. आकड्यांत जाऊन तिचं बटण दाबलं की पलीकडे टण्ण वाजायचं, कागदावर मात्र काही नाही. घंटी आम्ही सहसा वाजवत नसू. ती वाजली म्हणजे काहीतरी तातडीचं, आणि तातडीचं म्हणजे बहुतेक वाईटच.

आमचे शिपाई आबा तिकोणा पेठचे. त्यांची एकुलती एक लेक मुंबईला दिलेली. पहिल्या खेपेला तिचं मूल दगावलं होतं, तीही जेमतेम वाचली होती. आता दुसऱ्यांदा दवाखान्यात दाखल झालेली, आणि डॉक्टरांनी 'अवघड आहे' म्हणून आधीच सांगून ठेवलेलं. मुंबईवालीनं मला कबूल केलं होतं की जावई हेड ऑफिसात येऊन सांगेल ते ती लगेच कळवेल. खासगी निरोपाला मनाई होती. पण साहेबांनी "मला काही दिसलं नाही" म्हणून भिंतीकडे तोंड केलं, म्हणजे परवानगीच.

आणि नेमकी त्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यातल्या झाडून साऱ्या यंत्रांना झेंडूच्या माळा. माझ्या टेलिप्रिंटरची पूजा दरवर्षी आबाच करायचे. मी बजावलं, "आबा, कुंकवाचं बोट झाकणाला लावा. आत काही टाकायचं नाही हं!"

"व्हय बाई, व्हय," आबा म्हणाले. मी खिडकीवर तोरण बांधायला वळले, तेवढ्यात त्यांनी झाकण उघडून मूठभर अक्षता थेट यंत्राच्या पोटात!

"अहो आबा! काय हे!" मी किंचाळलेच.

"झाकनाला पूजा लागत न्हाई, बाई. अक्षता डोक्यावर पडाय पायजेत. माजी पोर तितं अडलीया. आज तरी समदं नीट हुंद्या."

कपाळ माझं! केसातला आकडा काढून मी तांदूळ वेचायला बसले. त्यांच्या स्वतःच्या शेतातला आंबेमोहर, वासाला गोड, पण एकेक दाणा असा दडून बसलेला की बास. जमेल तेवढे काढले आणि झाकण लावलं.

नैवेद्य वाटायला सगळे माझ्याच खोलीत जमले होते. साहेबही होते. आणि यंत्र धडधडायला लागलं.

टण्ण!

हातातले पेढे हातातच राहिले. मी कागदावर वाकले. सात, कंस, सहा, रेघ. टिंब, सात, कंस, आठ. मग पुन्हा टण्ण! आणि पुन्हा चिन्हांचा नुसता सडा. एक अक्षर असेल तर शपथ.

आबांना वाचता येत नव्हतं, पण घंटी कळत होती. त्यांनी भिंतीला हात टेकवला. "बाई, काय म्हनतीया ती?"

"थांबा हो जरा!" मी उगाचच ओरडले. एखादा दाणा आत कुठेतरी अडकला होता आणि यंत्र आकड्यांतून अक्षरांत परतत नव्हतं, एवढं समजलं. मुंबईला ट्रंक कॉल लावायचा तर दुपार उलटली असती. माझं टाइपलेलं मात्र पलीकडे नीट पोचत होतं. मी विचारलं, परत पाठवतेस का?

तिनं परत पाठवलं. टण्ण! सात, कंस, सहा, रेघ. तेच आकडे, तीच चिन्हं, आणि घंटीही पहिल्याच ठिकाणी. दुसरी घंटीसुद्धा जिथल्या तिथे! अगं बाई, मी मनात म्हटलं, तातडीची घंटी अशी शब्दाला चिकटून कशाला वाजेल? ही घंटी नाहीच. आकड्यांत अडकलेल्या यंत्रावर घंटी वाजते ती 'जे' या बटणानं. ती बिचारी साधं 'जे' अक्षर पाठवतेय आणि माझा हा गाढव त्याची घंटा वाजवतोय!

मी बोटं बटणांवर अलगद धरली आणि एकेक चिन्ह कुठल्या अक्षराच्या जोडीचं ते बघत गेले. घंटी म्हणजे जे. सातच्या जागी यू, कंसाच्या जागी एल, सहाच्या जागी वाय, रेघेच्या जागी ए. जुळ्या! पुढे मुली. पुढे झाल्या.

"आबा, जुळ्या मुली झाल्या! दोन नाती!" मी खुर्चीवर अक्षरशः उडालेच.

मग काय, नुसता कल्ला! कुणी टाळ्या पिटतंय, कुणी "आबा, आता पेढे तुमच्याकडून, दुप्पट" म्हणतंय. स्टोअरकीपरनं माझ्याच यंत्रावर थाप मारली आणि मी चक्क त्याला काही बोलले नाही.

आबा हसले नाहीत. भिंतीवरचा हातही काढला नाही त्यांनी. गलबला जरासा ओसरला तेव्हा हळूच म्हणाले, "आन् माजी पोर?"

आनंदाच्या भरात हे एकालाही सुचलं नव्हतं. मी कागद पुन्हा ओढला. रेघ, रेघ, आठ. ए, ए, आय. आई. पुढचा शब्द लांबलचक होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी आल्यामुळे चिन्हं एकमेकांत मिसळायला लागली. साहेब शेजारी येऊन उभे राहिले. मी चिन्ह सांगायची, बटण शोधायची, अक्षर म्हणायची. एस. यू. के. एच. पुढची तीन अक्षरं होण्याआधीच मी ओरडले, "सुखरूप! आबा, आई सुखरूप!"

आबा मटकन खाली बसले. धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडले, मग तसेच हसायला लागले, आणि त्यांचं बघून आम्ही सगळे. मला इतकं हसू आणि रडू एकदम पुन्हा कधी आलेलं आठवत नाही.

"बाई, लिवा," ते उठत म्हणाले. "म्हनावं, बाप निगाला."

मी मुंबईला तेवढं टाइप करून वर पाहिलं, तर आबा खोलीत नव्हतेच. खिडकीतून दिसलं, झेंडूच्या माळांखालून भर उन्हात अनवाणी स्टेशनाच्या दिशेनं पळत होते. आणि त्यांच्या मागे, दारात राहिलेल्या त्यांच्या चपला दोन्ही हातांत धरून, "आबा, अहो आबा, थांबा!" करत आमचे साहेब पळत होते.