गोष्टीत राहून गेलेली खोली

"नकाशा नंतर बघा. आधी घरात चला," असं म्हणून आमचे मालक, भाऊ, नकाशावर दोन्ही तळहात पालथे ठेवायचे. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. घर कुठंय? अजून तर पायाही खणलेला नाही!

घरांचे आराखडे करून देणारी त्यांची कचेरी धुळ्याला देवपुरात होती आणि ऐंशीच्या दशकात मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. आता तुम्हीच सांगा, निळ्या कागदावरच्या रेघा कुणाला कळतात? शेतकऱ्याला नाही आणि प्राध्यापकालाही नाही; प्राध्यापक फक्त मान डोलावतात. म्हणून भाऊ घर गोष्टीत सांगायचे. "सकाळ झालीय. वहिनी चहा टाकतायत. ऊन ओट्यावर आलंय." धरणगावच्या एका आबांनी तर "या, आत या" ऐकून खरंच चपला काढल्या. मी फिसकन हसलो. भाऊंनी असं बघितलं की पुन्हा हसायची छाती झाली नाही.

पारोळ्याजवळच्या नानांचं घर मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मंजुरीसाठी आम्ही त्यांच्या गावी गेलो होतो. भाऊंनी पहाटेपासून अख्खा दिवस सांगितला. मुलगे, सुना, पाहुणे, गुरंसुद्धा आपापल्या जागी. नाना खूश! तेवढ्यात दाराशी शेंगा फोडत बसलेली त्यांची विधवा बहीण म्हणाली, "भाऊ, बठ्ठास्नी जागा सांगी तुम्ही. मी कोठे निजसू?"

सगळ्यांची जागा सांगून झाली होती, अक्कांची तेवढी राहिली होती. अक्का तरुणपणीच माहेरी परतल्या होत्या आणि तेव्हापासून धान्याच्या खोलीत झोपत होत्या. घरातली माणसं सांगताना नानांनी त्यांना धरलंच नव्हतं, आणि भाऊंनीही विचारलं नव्हतं.

"तिनं काय! पडी ऱ्हास ती कोठे बी," नाना म्हणाले.

भाऊंनी नकाशा गुंडाळला. "अक्का, चूक माझी आहे."

परतताना एसटीत मी चिडलो. सही व्हायची बाकी होती हो! "एका खोलीपायी हातचं काम घालवताय तुम्ही."

"अरे, मी माणूसच विसरलो," एवढंच म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

आठवड्याने नवा नकाशा घेऊन गेलो. बैठक निम्मी करून भाऊंनी अक्कांसाठी खोली काढली होती. नाना भडकले. "बैठक लहान व्हई ना! लोक काय म्हनतीन?"

भाऊंनी गोष्ट सुरू केली, या वेळी अक्कांपासून. "अक्का उठल्यात. पेटीतून लुगडं काढलंय. पोती आली म्हणून आता ती पेटी कुणी हलवत नाही." मी मान खाली घातली. एसटीतलं बोलणं आठवून मला लाज वाटत होती. नानांनी एकदा धान्याच्या खोलीकडे बघितलं. मग त्यांनी सहीला पेन मागितलं.

घर झालं. वास्तुशांतीनंतर दोन वर्षांत भाऊ गेले, कचेरीतच, खुर्चीत बसल्या बसल्या. ती बातमी सांगायला मी नानांच्या गावी गेलो. "अरे राम," म्हणत नाना खाली बसले. अक्का उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. सून हाक मारायला निघाली.

"ऱ्हाऊ दे. रडू दे तिले," नाना म्हणाले.

आम्ही त्या लहान बैठकीत बसून ऐकत होतो. अक्का मोठ्याने रडत होत्या. बहिणीला असं रडताना आजवर कधी ऐकलं नव्हतं, असं नाना मला दाराशी पोचवायला आले तेव्हा म्हणाले.