सीट यायची आहे

एखादी वस्तू वेळेवर आली की तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही. आली, बसवली, विसरलो. पण तीच वस्तू चार महिने अडकली की घरातला, ऑफिसातला, शोरूममधला प्रत्येक माणूस तिच्यात आपापली भर घालतो. माझ्या गाडीच्या सीटचं तसंच झालं. आता मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "ए, ते सीटचं सांग ना!" मी सांगते. सगळ्या हसतात, मीही हसते. तेव्हा मात्र अजिबात हसू येत नव्हतं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

*

बी.एस्सी. ॲग्री झाल्यावर मी आमच्या बीबी गावातच कांदा बियाण्याच्या एका कंपनीत लागले. सहा महिन्यांच्या बोलीवर. उंची चार फूट नऊ इंच, स्वभाव दचकणारा. कुकरची शिट्टी आमच्या घरी रोज होते आणि मी रोज दचकते.

साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, प्लॉट पाहणारा माणूस सोताच्या गाडीवर फिरला पाह्यजे. कोणाच्या मागं बसून फील्ड होत नसते. कांद्याचे गोंडे फुलायच्या आत गाडीवर दिसल्या, त फील्ड तुमचं. नाही त टेबल!"

टेबल म्हणजे फायली, फोन आणि पंख्याखालची खुर्ची. चार वर्षं शेतीचं शिकून मला पंख्याखाली बसायचं नव्हतं. कांद्याची लागवड नुकतीच झाली होती; दांडे येऊन त्यांवर गोंडे, म्हणजे फुलं, धरायला अवकाश होता, म्हणजे हातात वेळ होता.

आमच्या भागातल्या शेताकडच्या पांदण रस्त्यांवर स्कूटी पहिल्याच चिखलात बसते. बाबांच्या जुन्या बुटक्या मोटरसायकलचं पोट दगडांना घासतं. म्हणून ती देऊन नवी उंच घेतली. शोरूममध्ये वर बसवलं, तर माझे दोन्ही पाय हवेत!

बुलढाण्याच्या त्या शोरूममध्ये पार्टच्या काउंटरवर संतोषदादा असतात. ते म्हणाले, "टेन्शन नका घेऊ ताई. तुमच्या मापाची बुटकी सीट बनवून येते. पंधरा दिवस!"

*

सीट बनवणारे परराज्यातले. त्यांच्या फॉर्मवर पायाचं आतल्या बाजूचं माप मागितलं होतं. घरात टेप नाही. बाबा भाजीचे वाफे सुतळीनं मोजतात. आई म्हणाली, "मापाचं काम टेलरचं. नानाकडं जाय."

मी मापाची सलवार घेऊन नाना टेलरकडे गेले. त्यांनी ती टेबलावर पसरली, टेप लावला, आकडा वर्तमानपत्राच्या कडेला लिहिला आणि तो तुकडा फाडून मला दिला.

"नाना, बरोबर आहे ना? गाडीची सीट बनायची आहे यावर."

"पोरी, तुह्या पहिल्या शाळेच्या ड्रेसापासून माप माह्याकडं हाय. चूक निघाली त मशीन इकून टाकीन!"

*

पंधरा दिवस झाले. महिना झाला. मी दर सोमवारी संतोषदादांना फोन करायचे.

"बॅकऑर्डरमध्ये हाय ताई."

"म्हणजे?"

"म्हणजे ऑर्डर गेली, माल बनला नाही, अन् कधी बनन हे त्यायलेही माहीत नाही."

"मग ते पंधरा दिवस कुठून आले होते?"

"ते आम्ही सगळ्यायलेच सांगतो."

*

इकडे गाडी अंगणात उभी, आणि आई वाफ्यांतली भाजी अंगणातूनच विकते. जमिनीपासून उंच, बकरीचं तोंड पोचत नाही, हे आईच्या आठच दिवसांत लक्षात आलं. तेव्हापासून मेथीच्या जुड्या सीटवर, सांभार म्हणजे कोथिंबीर हँडलला आणि पालक टाकीवर.

एकदा एका गिऱ्हाइकानं जुडी उचलता उचलता विचारलं, "काकू, गाडीही देऊन राह्यले का?"

आई म्हणाली, "पोरीची हाय ते. पार्ट येऊन राह्यला तिचा. तुम्ही मेथी घ्या."

*

गाडी रोज सुरू करत जा, नाहीतर बॅटरी उतरेल, असं संतोषदादांनी बजावलं होतं. म्हणून सकाळी सकाळी गाडी डबल स्टँडवर ठेवून मी बाजूला उभी राहायचे आणि बटण दाबायचे.

एके दिवशी गाडी गिअरमध्येच राहिली होती. क्लच दाबून सुरू केली आणि तो सोडला, तर मागचं चाक एकदम गरगर फिरायला लागलं. मी दचकले. दचकताना हॉर्न दाबला गेला. हॉर्ननं आणखी दचकले आणि सरळ घरात पळाले. गाडी अंगणात धडधडतेय, चाक फिरतंय आणि पालक उडतोय!

बाबांनी शांतपणे जाऊन चावी बंद केली. आत येऊन म्हणाले, "काऊन वं, गाडीनं काही म्हटलं का तुले?"

त्या दिवशी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहा वेळा हॉर्न वाजवायचा, मुद्दाम. पहिल्या आठवड्यात दहाही वेळा दचकले. महिन्यानं चारवर आले. शेजारचे मात्र सगळे दहावर गेले होते.

*

अडीच महिन्यांनी संतोषदादांचा स्वतःहून फोन आला. "ताई, आला! खोकं आलं! तुमचंच नाव हाय!"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एसटीनं बुलढाणा गाठलं. शोरूमची सगळी माणसं गोळा झाली. संतोषदादांनी पट्टी कापली, आतला कागद काढला.

आत दुधाचे कॅन अडकवायचं स्टँड होतं.

संतोषदादांनी ते उलटंसुलटं फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "काम पाहा ताई, किती मजबूत केलं! घरी दूध असलं त..."

"दादा, आमच्याकडे म्हैस नाही."

"मंग हे ज्याचं हाय, त्याच्याकडं तुमची सीट गेली असन. बिचारा म्हशीवर टाकून पाहत असन!"

*

ऑफिसात साहेब दर सोमवारी विचारायचे, "आली का?" मी म्हणायचे, "यायची आहे सर." मग ते कपाटातल्या एका रिकाम्या कप्प्याकडे बोट दाखवायचे. टेबल मिळालं की माझ्या फायली तिथे लागणार होत्या.

आणि त्यात ज्ञानदेवकाकांचे फोन. ते आमच्या कंपनीसाठी बियाणं पिकवणारे शेतकरी. त्यांचा प्लॉट पांदणीच्या पार शेवटाला. पिकाचं जे काही होईल, ते कंपनीला कळवायचं म्हणजे कळवायचंच.

"मॅडम, दांडे आले."

आठ दिवसांनी, "मॅडम, गोंडे निघाले."

परत चार दिवसांनी, "मॅडम, आज एक गोंडा फुगल्यासारखा दिसून राह्यला."

"काका, रोज नका हो पाहत जाऊ त्याच्याकडे!"

"मंग काय करू? तुम्ही त येत नाही पाहायले."

*

सीट एकदाची आली. खरी सीट. बाबा आणि मी गाडी घेऊन बुलढाण्याला गेलो. बाबा पुढे, मी मागे. सीट बसवली, मी वर चढले, पाय खाली सोडले.

दोन इंच हवेतच.

संतोषदादांनी फॉर्म तपासला. सीट फॉर्मवरच्या मापाला तंतोतंत होती. बीबीला उतरल्या उतरल्या मी घरून तीच सलवार घेऊन नाना टेलरचं दुकान गाठलं. त्यांनी सलवार पुन्हा मोजली आणि शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय. दोन इंच वाढीव धरले म्या. वाढत्या अंगाचं माप हाय ना तुह्यं."

"नाना, मी चोवीस वर्षांची आहे!"

"तुह्या मायनंच सांगितलं होतं, पोरीचं माप वाढीव धरत जा म्हणून."

"कधी?"

"तू पाचवीत होती तवा."

"आणि तेव्हापासून...?"

"तिनं नको म्हणून सांगितलंच नाही ना!"

*

संतोषदादा फोनवर म्हणाले, "बदलून मागवू ताई. पुन्हा पंध..."

"दादा, पुढचा आकडा बोलू नका!"

मी फोन ठेवला. गोंडे पंधरा दिवस थांबणार नव्हते. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला बाबा गाडी बाजाराच्या मैदानात न्यायचे. तिथे भाजीवाल्यांचे सिमेंटचे ओटे आहेत. ओट्यावर पाय टेकवून मी गाडीवर बसायचे, मैदानात फिरायचे, आणि परत ओट्याला येऊन पाय टेकवायचे.

आठ दिवसांत गाडी चालवता यायला लागली. थांबता मात्र ओट्यालाच येत होतं. सपाट जमिनीवर एक पाय टेकवायला गेले की गाडी त्या अंगाला कलंडायची आणि मी किंचाळायचे.

बाबा म्हणाले, "हे बरं हाय. जिथी ओटा, तिथीच तुहं फील्ड!"

*

नवव्या दिवशी सकाळी ज्ञानदेवकाकांचा फोन आला. "मॅडम, उद्या-परवा गोंडे फुलतात. सायेबही इथीच येऊन राह्यले आता."

मी हेल्मेट घातलं. बाबांनी बाजारात ओट्यावरून बसवून दिलं. पांदणीत दोनदा बैलगाडी आडवी आली. दोन्ही वेळा मी हॉर्न वाजवला आणि दचकले नाही. एकदा तर कुत्रं अंगावर आलं. तेव्हा दचकले, पण हँडल सोडलं नाही.

प्लॉटला लागून काकांचं खळं आहे. गोल, सारवलेलं, आरशासारखं सपाट. साहेब आणि काका तिथेच उभे. ना ओटा, ना बांध, ना दगड.

मी खळ्याला एक फेरी मारली. दुसरी मारली.

"मॅडम, थांबा की!" साहेब ओरडले.

"थांबता येत नाही सर!"

"काऊन?"

"पाय पुरत नाहीत!"

तिसऱ्या फेरीला साहेबांनी कमरेवर हात ठेवले. मला वाटलं, गेलं फील्ड. पण उंच गाडीवरून अख्खा प्लॉट दिसत होता. सगळे दांडे सारखे, आणि मधेच एक हातभर उंच, निराळाच, दुसऱ्या वाणाचा. असा दांडा फुलायच्या आत उपटला नाही, तर सगळं बियाणं बिघडतं.

"सर, भेसळ आहे! तिकडून सहावी सरी, विहिरीच्या बाजूला!"

साहेब आत शिरले. मी चौथी फेरी मारली. तो दांडा उपटून साहेब बाहेर आले आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"सायेब," काका म्हणाले, "मॅडमले उतरवायचं का दुसऱ्या बाजूचंही पाहून घ्यायचं?"

"दुसऱ्या बाजूचंही पाहू द्या," साहेब म्हणाले.

पाचवी फेरी. दुसऱ्या बाजूला आणखी दोन निघाले. तोवर काकांनी खताची रिकामी गोणी मातीनं भरून खळ्यात आणून ठेवली. सहाव्या फेरीला मी तिच्याजवळ गेले, ब्रेक दाबला, पाय टेकवला. टेकला!

गाडी बंद केली. हेल्मेट काढलं. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि पुढच्या प्लॉटवाल्याला लावला.

"हॅलो, एक गोणी मातीनं भरून प्लॉटच्या तोंडाशी ठेवा. डाव्या हाताले. काऊन म्हणजे? फील्डच्या मॅडम येऊन राह्यल्या!"